राज्य विमा आयुक्त (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विमा व्यवसायावर देखरेख ठेवणारा राज्य पातळीवरील अधिकारी. ‘कमिशनर’ हे नाव रूढ असले, तरी काही राज्यांत त्याला सुपरिंटेंडेंट किंवा डायरेक्टर म्हणतात. परवाने देणे, पॉलिसींचे नमुने व दर तपासणे, एजंटांची नोंदणी, ग्राहकांच्या तक्रारी आणि बुडू लागलेली कंपनी ताब्यात घेणे ही त्याची कामे. अकरा राज्यांत हे पद निवडणुकीने भरतात. इतरत्र बहुधा गव्हर्नर नेमणूक करतो.

असे पद निर्माण करण्याचा पहिला मान कोणाचा, याबद्दल मतभेद आहेत. न्यू हॅम्पशरने १८५१ मध्ये विमा आयुक्तांचे मंडळ नेमले. मॅसॅच्युसेट्सचे १८५२ चे मंडळ पदसिद्ध अधिकाऱ्यांचे होते. स्वतंत्र मंडळ तेथे १८५५ मध्ये आले. न्यूयॉर्कचा कायदा १८५९ चा असून विल्यम बार्न्स हे तेथील पहिले सुपरिंटेंडेंट. केवळ मंडळ स्थापन होणे ही कसोटी धरल्यास न्यू हॅम्पशरचा दावा मान्य करावा लागतो. मात्र कंपनीच्या देण्यांची गणिती तपासणी करणारे कार्यालय असा अर्थ घेतल्यास १८५८ चे मॅसॅच्युसेट्स अधिक सयुक्तिक ठरते.

त्या वर्षी आयुक्त झालेले एलिझर राइट (१८०४–८५) हे गणिताचे माजी प्राध्यापक व गुलामगिरीविरोधी चळवळीचे कार्यकर्ते. १८४४ मध्ये लंडनच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये हप्ते न झेपणाऱ्या वृद्धांच्या पॉलिसी लिलावात विकल्या जाताना त्यांनी पाहिल्या. लिलावात पॉलिसी घेणाऱ्याचा नफा म्हातारा लवकर मरण्यावर अवलंबून असे. १८५३ मध्ये त्यांनी पॉलिसींच्या निव्वळ मूल्याची कोष्टके प्रसिद्ध केली आणि १८५८ च्या कायद्याने तेवढा निधी बाजूला ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले.

निव्वळ मूल्य म्हणजे काय, हे व्याज बाजूला ठेवून लहान उदाहरणाने कळते. हजार जणांनी प्रत्येकी १,००० डॉलरचा तीन वर्षांचा विमा घेतला आणि तीन वर्षांत अनुक्रमे १०, २० व ३० जण दगावणार आहेत असे धरू. एकूण दावे ६०,००० डॉलर. हप्ते भरणारे पहिल्या वर्षी १,०००, दुसऱ्या वर्षी ९९० व तिसऱ्या वर्षी ९७०, म्हणजे एकूण २,९६० हप्ते. म्हणून समान हप्ता २०.२७ डॉलर. पहिल्या वर्षी २०,२७० जमा होतात, १०,००० दाव्यांत जातात, १०,२७० उरतात. हा नफा नव्हे. लाभांश किंवा कमिशन म्हणून तो वाटून टाकला, तर तिसऱ्या वर्षी हप्त्यांतून जेमतेम १९,६६० येतात आणि दावे ३०,००० चे असतात. कंपनी पहिली दोन वर्षे धट्टीकट्टी दिसते, कारण खड्डा वय वाढल्यावरच उघडा पडतो. प्रत्यक्षात राइट यांनी ब्रिटिश कंपन्यांच्या अनुभवावर आधारलेले मृत्युकोष्टक व ४ टक्के व्याज वापरले. व्याज जास्त गृहीत धरले की राखीव निधी कमी दाखवता येतो. म्हणूनच व्याजाचा दर ठरवण्याचा अधिकार कंपनीकडे न ठेवता कार्यालयाकडे ठेवणे हा खरा मुद्दा होता.

वरील उदाहरणात पहिल्या वर्षअखेर हयात असलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १०.३७ डॉलर येतात. हप्ता चुकला की पूर्वी हे पैसे कंपनी गिळंकृत करी. मॅसॅच्युसेट्सच्या १८६१ च्या कायद्याने निव्वळ मूल्याचा चार-पंचमांश भाग, देणे वजा जाता, मुदतीचा विमा चालू ठेवण्यासाठी वापरणे भाग पाडले: ८.३० डॉलरमध्ये, दुसऱ्या वर्षाच्या २०.२० डॉलर खर्चाच्या हिशेबाने, सुमारे पाच महिने. पॉलिसी सोडल्यास रोख पैसे परत देण्याचा, म्हणजे रोख समर्पण मूल्याचा, कायदा मात्र १८८० मध्ये आला. तोपर्यंत राइट पदावर नव्हते. त्यांची कारकीर्द १८६६ मध्ये संपली. १८६९ मध्ये त्यांनी अरिथमीटर या दंडगोलाकार गणनयंत्राचे पेटंट घेतले. निव्वळ पद्धतीवरचा एक आक्षेप रास्त होता: एजंटाचे पहिल्या वर्षाचे जबर कमिशन तिच्या हिशेबात नसल्याने नव्या कंपनीवर ताण पडे. पुढे पहिल्या वर्षाचा निधी हलका करणाऱ्या सुधारित पद्धती रूढ झाल्या.

पॉल विरुद्ध व्हर्जिनिया (१८६९) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने विमा हा आंतरराज्य व्यापार नव्हे, म्हणजे संघराज्याच्या नियमनाबाहेरचा, असे ठरवले. १९४४ मध्ये त्याच न्यायालयाने तो फिरवला. पण पुढच्याच वर्षी मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने नियमन राज्यांकडेच ठेवले. आयुक्तांची राष्ट्रीय संघटना १८७१ पासूनची आहे.

आजचे दैनंदिन काम परीक्षकांच्या हाती असते. वार्षिक विवरण १ मार्चपर्यंत, लेखापरीक्षित अहवाल १ जूनपर्यंत, प्रत्यक्ष तपासणी सामान्यतः पाच वर्षांतून एकदा. ताळेबंदातील फर्निचर आणि ९० दिवसांहून अधिक थकलेली हप्त्यांची येणी अग्राह्य धरतात, कारण दावा भागवायला ती उपयोगी पडत नाहीत. नंतर भांडवलाची तुलना जोखमीनुसार काढलेल्या पायाभूत आकड्याशी होते: २०० टक्क्यांखाली गेल्यास कंपनीने सुधारणा-योजना द्यायची, १५० खाली आयुक्त उपाय सुचवतो, १०० खाली तो कंपनी ताब्यात घेऊ शकतो, ७० खाली घ्यावीच लागते. आकडे आधीच जुने असतात, हा या शिडीचा दोष; रोखे एकाएकी घसरले की पायऱ्या गाळल्या जातात. जंक बाँडमध्ये (कमी पतीच्या, जोखमीच्या रोख्यांत) अडकलेली एक्झिक्युटिव्ह लाइफ ही आयुर्विमा कंपनी कॅलिफोर्नियाच्या आयुक्तांनी एप्रिल १९९१ मध्ये ताब्यात घेतली, तेव्हा जॉन गॅरामेंडी यांना तेथील पहिले निवडून आलेले आयुक्त होऊन काही महिनेच झाले होते.

हे पद राजकारणाची पायरीही ठरते. कॅन्ससच्या आयुक्त कॅथलीन सिबेलियस (१९९५–२००३) पुढे गव्हर्नर व संघराज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या. भारतात विमा संघसूचीत असल्याने महाराष्ट्राला असा आयुक्त नाही; नियमन हैदराबादच्या प्राधिकरणाकडे असून त्याने कंपन्यांना घालून दिलेले किमान पतक्षमतेचे (देणी भागवण्याच्या ताकदीचे) प्रमाण १५० टक्के आहे, मात्र हे प्रमाण वेगळ्या पायावर काढतात.