शर्यतीच्या घोड्यांतील कॅफीन व त्याची तपासणी

चहा, कॉफी आणि कोको यांत आढळणारे कॅफीन मेंदूतील ॲडेनोसीन या थकवा जाणवून देणाऱ्या द्रव्याच्या ग्राहींना (ते जिथे जोडले जाते त्या जागांना) अडवते. त्यामुळे थकव्याची जाणीव लांबणीवर पडते आणि घोडा अधिक सावध, चपळ व बेचैन होतो. म्हणूनच शर्यतीच्या दिवशी घोड्याच्या शरीरात कॅफीन असणे निषिद्ध मानले जाते. उत्तेजकांत कोकेन, ॲम्फेटामीन आणि स्ट्रिक्नीन यांची बदनामी जास्त आहे. तरीही निकालाचा अर्थ लावणे सर्वांत अवघड जाते ते कॅफीनच्या बाबतीत, कारण ते तबेल्यातल्या चहाच्या कपातही असते.

माणसाच्या रक्तातील कॅफीन साधारण ५ तासांत निम्मे होते. घोड्यात याला सुमारे १५ ते २० तास लागतात. १८ तास धरले, तरी तीन दिवसांनंतर सोळावा हिस्सा शिल्लक असतो. आजची उपकरणे अत्यल्प अंशही टिपतात, त्यामुळे आठवड्याभरानंतरही लघवीत खुणा सापडू शकतात. ‘दोन दिवसांपूर्वी दिले होते, आता निघून गेले असेल’ हा हिशेब इथेच चुकतो.

कॅफीनच्या रेणूवर तीन मिथाइल गट असतात. यकृतातील विकरे त्यांतला एकेक गट काढतात आणि थिओफिलीन, थिओब्रोमीन व पॅराझँथीन ही तीन द्रव्ये तयार होतात. काही कॅफीन थेट ट्रायमिथाइल युरिक आम्लात बदलते. मूळ रूपात लघवीवाटे बाहेर पडणारा भाग फारच थोडा, जेमतेम एखादा टक्का. थिओब्रोमीनपासून मात्र उलट दिशेने शरीरात कॅफीन बनत नाही. निकालाचे विश्लेषण बरेचसे याच गोष्टीवर उभे असते.

घोड्याची लघवी बहुधा अल्कधर्मी असते. ॲम्फेटामीनसारखी अल्कधर्मी द्रव्ये अशा लघवीत कमी उतरतात, पण जोरदार धावण्याने लघवी आम्लधर्मी झाली की त्यांचे उत्सर्जन वाढते. कॅफीनवर याचा फारसा परिणाम होत नाही.

शर्यत संपली की विजेता घोडा आणि स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी, सांगतील ते इतर घोडे नमुना कक्षात नेतात. घोड्याला फिरवून थंड करतात, पाणी देतात आणि स्वच्छ पेंढा पसरलेल्या खणात उभे करतात. मोतद्दार शीळ घालतो. सरावलेला घोडा त्या आवाजाला लघवी करतो. लांब दांड्याच्या भांड्यात ती झेलतात. ठरलेल्या वेळेत लघवी झाली नाही, तर मानेच्या शिरेतून रक्त घेतात. नमुन्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग करून ट्रेनरच्या प्रतिनिधीसमोर बाटल्या सीलबंद करतात. त्यांवर घोड्याचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. सील तुटलेले असले किंवा क्रमांक जुळला नाही, तर पुढचे उत्तम रसायनशास्त्रही वाया जाते.

घोड्याची लघवी चिकट असते आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांमुळे गढूळ दिसते. म्हणून आधी ती अपकेंद्री यंत्रात फिरवून निवळ भाग वेगळा करतात. ॲम्फेटामीनच्या हायड्रॉक्सी रूपासारखी काही द्रव्ये ग्लुकुरोनिक आम्लाला जोडलेली असतात. ती विकराने सुटी करावी लागतात. पुढची तपासणी द्रव क्रोमॅटोग्राफी (द्रव्ये बारीक नळीतून, म्हणजे स्तंभातून, वाहवून वेगळी करणे) आणि वस्तुमान वर्णपटमापक (रेणू फोडून त्यांच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजणारे यंत्र) यांच्या जोडीने होते. थिओफिलीन, थिओब्रोमीन व पॅराझँथीन यांचे रेणुवस्तुमान अगदी सारखे, १८० आहे. त्यातही थिओफिलीन आणि पॅराझँथीन यांचे मुख्य तुकडेसुद्धा सारख्याच वस्तुमानाचे पडतात, म्हणून स्तंभातून ती वेगवेगळ्या वेळी बाहेर येणे आवश्यक असते. घाईने चालवलेल्या स्तंभात दोघांची आलेखातील शिखरे एकात मिसळतात आणि थिओफिलीनचे मोजमाप फुगते. मोजणीसाठी समस्थानिकाने खूण केलेले (जड अणूंमुळे वेगळे ओळखू येणारे) कॅफीन ठरावीक प्रमाणात नमुन्यात घालतात. नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर कोरा, म्हणजे कॅफीन नसलेला, नमुनाही चालवावाच लागतो, कारण प्रयोगशाळेत कुणाची कॉफी शिरली तर ती याच यंत्रात दिसते.

अश्वशर्यत नियामकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने लघवीतील थिओब्रोमीनसाठी दर मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठेवली आहे. चाऱ्यातून अनवधानाने येणाऱ्या कॅफीनसाठी लघवीत दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम ही अवशेष-पातळी धरली जाते. मर्यादेच्या पार गेल्याचे ठरवताना मोजमापातील अनिश्चितताही हिशेबात घेतात.

आकड्याहून द्रव्यांची परस्पर प्रमाणे अधिक सांगतात. कॅफीन भरपूर आणि त्यापासून शरीरात बनलेली चयापचयी द्रव्ये थोडी, तर डोस ताजा असण्याची शक्यता मोठी. थिओब्रोमीन खूप आणि कॅफीन अगदी थोडे, तर संशय कोकोवर जातो. कोको-बियांची टरफले पशुखाद्यात वापरली जात असल्याने अशी चंदी खाल्लेला घोडा सहज अडकतो. १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये नो बॉम्ब्स हा घोडा चॉकलेटच्या एका वडीमुळे बाद ठरला होता. नुसते थिओफिलीन सापडले, तर ते श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाचेही असू शकते. सोबत ट्रायमिथाइल युरिक आम्ल असेल, तर मात्र मूळ कॅफीनच. तरीही द्रव्य कुणी आणि कोणत्या हेतूने दिले, हे लघवी सांगत नाही. घोड्याची जबाबदारी ट्रेनरची, हे तत्त्व नियमांत म्हणूनच आले आहे.

मुंबईचे महालक्ष्मी आणि पुण्याचे रेसकोर्स चालवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यतींतही असे नमुने घेतले जातात. ‘अ’ नमुना सकारात्मक निघाल्यास ‘ब’ नमुन्याची तपासणी मागता येते.

तबेल्यात सर्वांत दुर्लक्षित धोका माणसांचाच असतो. चहा-कॉफी पिणाऱ्याने खणातल्या पेंढ्यावर लघवी केली आणि तो पेंढा घोड्याने चघळला, तर कॅफीन घोड्याच्या पोटात जाते. त्यामुळे खणात लघवी करण्यास सक्त मनाई हवी, चहाचे कप चंदीच्या टोपल्यांपासून दूर हवेत आणि औषध लावल्यावर हात धुवायला हवेत. गोड खाद्य, भरडा किंवा पूरक पावडर यांच्या प्रत्येक नव्या पोत्यातून मूठभर नमुना काढून, तारीख व तुकडी क्रमांक लिहून, शर्यतींचे निकाल येईपर्यंत बंद डब्यात ठेवावा. दोष चाऱ्याचा होता असे पुढे म्हणायची वेळ आली, तर तपासायला तीच वस्तू हाताशी असते.