काराकोरम : क्रमांकांची शिखरं आणि माणसांची नावं

'काराकोरम' या तुर्की शब्दाचा अर्थ काळी खडी. जगातल्या सर्वाधिक हिमाच्छादित पर्वतरांगांपैकी एकीला हे नाव कसं चिकटलं? लेहहून यारकंदला जाणारे व्यापारी साधारण ५,५४० मीटर उंचीची एक खिंड ओलांडत. काळ्या दगडगोट्यांच्या त्या खिंडीला त्यांनी दिलेलं हे नाव पुढे नकाशांवर जवळपास ५०० किलोमीटरच्या सगळ्या रांगेवर पसरलं. या रांगेच्या दक्षिणेचं पाणी श्योकसारख्या नद्यांमार्गे सिंधूला मिळतं. उत्तरेचं पाणी शक्सगाम-यारकंदच्या वाटेने तारिमच्या वाळवंटाकडे जातं, समुद्रापर्यंत कधीच पोचत नाही.

शिखरांच्या नावांची गोष्ट आणखी निराळी आहे. १८५६ मध्ये ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे टी. जी. माँटगोमेरी काश्मीरमधल्या हरमुखवर दुर्बीण लावून बसले. सुमारे २१० किलोमीटरवर दोन ठळक शिखरं दिसली. त्यांनी वहीत चित्र काढून खुणा केल्या : के-१ आणि के-२. यातला 'के' काराकोरमचा. खरं नाव कळेपर्यंतची ही तात्पुरती सोय होती आणि बहुतेक ठिकाणी ती तशीच ठरली. के-१ म्हणजे मशेरब्रम हे कळलं. के-३, के-४ आणि के-५ ही गाशेरब्रम समूहातली शिखरं निघाली. ८,६११ मीटरचं के-२ मात्र जगातलं दुसरं सर्वोच्च शिखर असूनही क्रमांकावरच राहिलं.

आपल्याकडे सह्याद्रीत सुळका छोटा असला तरी त्याला नाव असतं, कारण खालच्या वाडीतून तो रोज दिसतो. के-२ असा कुणाच्या अंगणातून दिसतच नाही. बाल्टोरो हिमनदीच्या वाटेवरचं शेवटचं गाव अस्कोले. तिथून हिमनदीवरून कित्येक दिवस चालत काँकॉर्डिया या हिमनद्यांच्या संगमावर पोचावं, तेव्हा कुठे ते समोर उभं राहतं. 'चोगोरी' हे तिथल्या बाल्टी भाषेतलं नाव सांगितलं जातं, पण त्याचा अर्थ नुसता 'मोठा डोंगर'. १८६१ मध्ये बाल्टोरोचं सर्वेक्षण करणाऱ्या गॉडविन-ऑस्टिन यांचं नाव शिखराला देण्याची सूचना झाली, पण ती टिकली नाही. त्यांचं नाव के-२ च्या पायथ्याच्या हिमनदीला राहिलं. आमच्या खंडाळ्याजवळच्या नागफणीला साहेबाच्या नाकाचं, 'ड्यूक्स नोज' हे नाव पडलं, ते अजून पुसलं गेलेलं नाही. त्या मानाने के-२ चा कोरा क्रमांक मला जास्त प्रामाणिक वाटतो.

१९५४ च्या ३१ जुलैला लिनो लाचेदेल्ली आणि अकिले कोम्पान्योनी हे इटालियन गिर्यारोहक त्या माथ्यावर पोचले. भर हिवाळ्यातली चढाई व्हायला २०२१ चा जानेवारी उजाडला. ती दहा नेपाळी गिर्यारोहकांनी एकत्र केली.

पूर्वेकडे गोष्ट वेगळं वळण घेते. 'सियाचेन' म्हणजे बाल्टीत जंगली गुलाबांची जागा. ७६ किलोमीटर लांबीच्या या हिमनदीचा खरा आवाका टॉम लाँगस्टाफ यांना १९०९ मध्ये उमगला. १९४९ च्या भारत-पाकिस्तान कराची करारात युद्धबंदी रेषा एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत आखली गेली आणि पुढे 'तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत' एवढंच लिहिलं गेलं. एनजे ९८४२ हाही नकाशावरचा एक क्रमांकच. तिथे कुणी राहील, कुणी लढेल, असं करार लिहिणाऱ्यांच्या मनातही आलं नसावं. १९८४ च्या १३ एप्रिलला सियाचेन ताब्यात घेण्यासाठी भारतीय सैन्याचं 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झालं. तेव्हापासून सियाचेनच्या पश्चिमेच्या साल्तोरो रांगेच्या धारेवर जवान पहारा देत आहेत.

दुसऱ्याच वर्षी, १९८५ मध्ये, मुंबईच्या हरीश कपाडिया यांच्या नेतृत्वाखाली भारत-ब्रिटन संयुक्त मोहीम याच भागातल्या तेरोंग खोऱ्यात शिरली. सह्याद्रीच्या वाटा पायाखाली घातलेला हा माणूस. त्या मोहिमेत रिमो-३ वर पहिल्यांदा माणसाचं पाऊल पडलं. रिमो-१ चं ७,३८५ मीटरचं शिखर मात्र तेव्हा हाती लागलं नाही, ते १९८८ मध्ये भारत-जपान मोहिमेने सर केलं. इथेही आकडे आहेतच, पण त्यांच्यामागचं नाव स्थानिक आहे : रिमो, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा डोंगर.