बेदरकार खेळातील हेतूचा निवाडा

ऑनलाइन सोशल डिडक्शन खेळात, म्हणजे लपलेल्या भूमिका बोलण्या-वागण्यावरून ओळखण्याच्या खेळात, एखाद्या खेळाडूने स्वतःच्याच बाजूचे नुकसान केले, तर तो फसलेला डावपेच होता, साधी चूक होती, परिणामांची पर्वा न करता केलेली कृती होती की डाव नासवण्याचा प्रयत्न होता, हे ठरवण्याची प्रक्रिया. मॉडरेटर, सर्व्हरचे अ‍ॅडमिन आणि काही खेळांत स्वतः खेळाडूच हा निवाडा करतात. शिक्षा इशाऱ्यापासून कायमच्या बॅनपर्यंत काहीही असू शकते.

या खेळांचा साचा दिमित्री दाविदोव यांनी १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात घडवलेल्या ‘माफिया’चा आहे. १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन यांनी त्याला ‘वेअरवुल्फ’चे रूप दिले. एकमेकांना ओळखणारे थोडे कपटी आणि कोणालाच न ओळखणारे पुष्कळ भाबडे, ही दोन्हींची मांडणी. समोरासमोरच्या बैठकीत डाव उधळणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावले नाही की प्रश्न मिटतो. इंटरनेटवर मात्र डाव अनोळखी लोकांत रंगतो, आणि मागे उरते ती तक्रार व डावाची नोंद.

मुख्य अडचण अशी की इथे खोटे बोलणे नियमांतच बसते. त्यामुळे खेळाडू खोटे बोलला एवढ्यावरून त्याच्या हेतूबद्दल काहीही सिद्ध होत नाही. ‘टाउन ऑफ सेलम’ या २०१४ च्या खेळातील जेस्टरला दिवसाढवळ्या फाशी मिळाली तरच तो जिंकतो. त्याने मूर्खासारखे वागणे हाच त्याचा उत्तम खेळ. ‘अमंग अस’ या खेळात दोन इम्पोस्टर (छुपे मारेकरी) आणि तीन क्रूमेट (साधे सहकारी) उरलेले असताना सर्वांदेखत केलेला खून वेडेपणा वाटतो, पण त्या खुनाने दोन्ही बाजूंची संख्या सारखी होऊन इम्पोस्टर डाव तिथेच जिंकतात. म्हणून निवाड्यातला पहिला प्रश्न हा की या खेळाडूची भूमिका कोणती होती आणि त्याला जिंकण्यासाठी काय हवे होते. तो सोडून थेट कृतीकडे वळणारा मॉडरेटर हमखास चुकतो.

अंदाधुंद दिसणारे मतदानही आपोआप दोषी ठरत नाही. माफियाच्या गणितावर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल यांच्या अभ्यासानुसार, गुप्तहेर (इतरांची खरी बाजू तपासू शकणारा नागरिक) नसलेल्या साध्या खेळात यादृच्छिकपणे एकाला बाहेर काढणे हीच नागरिकांची सर्वोत्तम नीती ठरते. गुप्तहेर असले की चित्र बदलते, कारण मग माहिती मिळवता येते.

‘मिळवता येते’ हीच बेदरकारपणाची कसोटी मानायला हवी. कायद्यात हे भेद जुने आहेत: अमेरिकेच्या १९६२ च्या आदर्श दंडसंहितेने उद्देश, जाणीव, बेदरकारपणा आणि हयगय अशा दोषाच्या चार पायऱ्या सांगितल्या. धोका दिसत असूनही त्याकडे काणाडोळा करणे म्हणजे बेदरकारपणा. धोका दिसायला हवा होता पण दिसलाच नाही, ती हयगय. टाउन ऑफ सेलममधील जेलरचे उदाहरण यासाठी फार उपयोगी पडते. गावाच्या बाजूचा हा खेळाडू रात्री एकाला कोठडीत घेतो, त्याच्याशी बोलू शकतो आणि हवे तर त्याला ठार करू शकतो. कैदी आपण डॉक्टर असल्याचे सांगत असताना जेलरने एकही प्रश्न न विचारता त्याला संपवले, तर त्याने गावाचा घात ठरवून केला असे म्हणता येणार नाही. पण विचारण्याची सोय हाताशी होती आणि ती वापरली नाही, हे नोंदीत स्वच्छ दिसते. त्याला नवख्याची चूक म्हणून सोडून देणे जितके चुकीचे, तितकेच त्याला डाव विकणाऱ्याच्या रांगेत बसवणेही. अशा खेळाडूसाठी मधली जागा लागते, आणि बहुतेक नियमावल्या नेमकी तीच विसरतात. स्वतः खेळ मात्र विसरत नाही: गावकऱ्याला मारणाऱ्या जेलरचा पुढे ठार करण्याचा अधिकार जातो, आणि गावकऱ्याला गोळी घालणारा व्हिजिलांटी (रात्री संशयिताला गोळी घालू शकणारा गावकरी) अपराधी भावनेने मरतो.

निवाडा करणाऱ्याच्या मनाचेही काही सापळे आहेत. डाव संपल्यावर सर्वांच्या भूमिका उघड असतात. नोंद वाचणाऱ्याला खरे आधीच ठाऊक असते आणि ‘हे तर दिसतच होते’ असे वाटू लागते. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये या पश्चातदृष्टीचा अभ्यास मांडला. जोशुआ नोब यांनी २००३ मध्ये दाखवले की एकाच प्रकारचा आनुषंगिक परिणाम वाईट असला तर लोक तो हेतुपुरस्सर मानतात आणि चांगला असला तर मानत नाहीत. हरलेल्या संघाची तक्रार वाचताना हे दोन्ही एकदम घडते. यावर उपाय म्हणजे नोंद डावाच्या क्रमाने वाचणे आणि त्या क्षणी त्या खेळाडूला काय माहीत होते एवढेच मोजणे.

काही व्यवस्था हेतूच्या वाटेला जात नाहीत. ‘गॅरीज मॉड’ या खेळावरील ‘ट्रबल इन टेररिस्ट टाउन’ या, निरपराधांत गद्दार लपलेल्या गोळीबाराच्या खेळात कर्म नावाचा आकडा असतो: आपल्याच बाजूच्या माणसाला इजा केली की तो घटतो आणि पुढच्या फेरीत आपल्या गोळ्यांचा जोर कमी होतो. इजा झालेल्याचे कर्म आधीच कमी असेल तर कापलेले गुणही कमी. चूक असो वा खोडी, हिशेब तोच. हे झटपट आणि निःपक्ष आहे, पण विनाकारण गोळीबाराची तक्रार आली की शेवटी माणसालाच पाहावे लागते: मरणाऱ्याच्या हातात गद्दाराचे शस्त्र होते का, तो ओळख न पटलेल्या मृतदेहावरून तसाच पुढे गेला होता का. टाउन ऑफ सेलमने उलट मार्ग धरला. तिथे तक्रार झालेल्या डावाची लेखी नोंद इतर खेळाडू वाचत आणि दोषी की निर्दोष यावर मत देत.

पुराव्यात सर्वाधिक वजन असते ते कृतीआधीच्या बोलण्याला. कारण सांगून चुकीच्या माणसाला मारणारा आणि एक शब्दही न बोलता मारणारा यांत फरक करावाच लागतो, कारण पहिल्याने इतरांना त्याला अडवण्याची संधी दिलेली असते. त्याखालोखाल येते पुनरावृत्ती. नावडती भूमिका मिळाली की डाव सोडणारा, किंवा मागच्या डावातला राग या डावात काढणारा, एका नोंदीत सापडत नाही. अनेक नोंदी शेजारी ठेवल्या की लगेच दिसतो. नंतरची माफी किंवा टवाळी यांना मात्र थोडेच महत्त्व द्यावे. चिडलेला निरपराध माणूसही ‘हो, मुद्दामच केले’ असे बोलून जातो. संवाद बाहेरच्या व्हॉइस चॅटवर झाला असेल तर यातले बरेचसे हाती लागत नाही, आणि मग मतदान, हालचाली व वेळा एवढ्यावरच निर्णय द्यावा लागतो.