मॅनेजर आणि हेड कोच: काम सारखं दिसतं, अधिकार वेगळे

२०२४ मध्ये युर्गन क्लॉप यांनी लिव्हरपूल हा इंग्लिश फुटबॉल क्लब सोडला आणि आर्ने स्लॉट आले. मैदानाच्या कडेला उभं राहणं, अकरा जण निवडणं, सामन्यानंतर पत्रकारांना उत्तरं देणं, हे सगळं तसंच चालू राहिलं. पण क्लॉप मॅनेजर होते, स्लॉट यांची नेमणूक हेड कोच म्हणून झाली. हा फरक सामना बघताना दिसत नाही, खेळाडूंची खरेदी-विक्री सुरू झाली की दिसतो.

मॅनेजर ही मुळात इंग्लंडची पद्धत. याचं सर्वात ठळक उदाहरण अॅलेक्स फर्ग्युसन. १९८६ मध्ये ते मँचेस्टर युनायटेडला आले, तेव्हा संघाबरोबरच त्यांनी तरुण खेळाडू शोधण्याची अख्खी यंत्रणा नव्याने उभारली. पहिला चषक १९९० मध्ये आणि पहिलं लीग विजेतेपद १९९३ मध्ये मिळालं. दरम्यान १९९२ मध्ये क्लबच्या युवा संघाने एफए युथ कप ही इंग्लंडमधली युवा संघांची स्पर्धा जिंकली; त्यात बेकहॅम, गिग्ज, गॅरी नेव्हिल होते. कुणाला घ्यायचं, कुणाला घडवायचं, कुणाला विकायचं यात शेवटचा शब्द बहुतेकदा फर्ग्युसन यांचाच. २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी १३ लीग विजेतेपदं मिळवली.

युरोपातल्या इतर देशांत बहुतेक ठिकाणी हेड कोच संघ तयार करतो आणि खरेदी-विक्रीची सूत्रं स्पोर्टिंग डायरेक्टरकडे असतात. स्पेनच्या सेव्हिया क्लबात मोंची २००० ते २०१७ या पदावर होते. हुआंदे रामोस यांनी २००६ आणि २००७ मध्ये यूएफा कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली, उनाई एमरी यांनी २०१४ ते २०१६ सलग तीन वेळा युरोपा लीग, म्हणजे नव्या नावाने तीच स्पर्धा. प्रशिक्षक बदलले, खेळाडू पारखणारा माणूस तोच राहिला. म्हणून फसलेल्या खरेदीचं खापर हेड कोचवर फोडणं मला सरळ अन्याय वाटतो.

ही सीमा ओलांडताही येते. मिकेल आर्टेटा २०१९ मध्ये आर्सेनल या इंग्लिश क्लबचे हेड कोच झाले. पुढच्याच वर्षी एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकल्यावर क्लबने त्यांना मॅनेजर केलं.

राष्ट्रीय संघात खरेदीचा प्रश्नच येत नाही, तिथे खरा अधिकार संघनिवडीचा. इंग्लंडचे पहिले मॅनेजर वॉल्टर विंटरबॉटम १९४६ ते १९६२ या पदावर होते, पण खेळाडू निवड समिती ठरवायची. त्यांच्यानंतर आलेल्या आल्फ रॅम्सी यांनी पद घेताना संघनिवड पूर्णपणे आपल्या हाती मागून घेतली. १९६६ चा विश्वचषक त्यांच्याच संघाने जिंकला.