गळ्यातल्या नळीतून औषध जातं, पण पोचतं किती?

ट्रेकिओस्टॉमी झालेल्या, म्हणजे श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवलेल्या लहान मुलाला धाप लागली की घरचे घाईघाईत नेब्युलायझरचा (औषधाचे बारीक तुषार करणाऱ्या यंत्राचा) मास्क नाकातोंडावर लावतात, कारण सगळ्या मुलांना तसाच लावताना बघितलेलं असतं. पण हे मूल श्वास घेतंय गळ्यातल्या नळीतून! मास्कमधून धूर मस्त निघताना दिसतो आणि फुप्फुसात जवळपास काहीच जात नाही. औषध नळीच्या तोंडाशीच द्यायला हवं.

मग वाटेल की वाटेत नाक-घसा लागतच नाही म्हणजे औषध उलट जास्त पोचेल. नाक हवेतला कचरा गाळतं तसं औषधही गाळतं, हे खरंच. पण इथे नळीच गाळणी होऊन बसते, आणि मला तरी सगळ्यात भारी भाग हाच वाटतो.

औषधाचे थेंब साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असले तर फुप्फुसात खोलवर जातात. त्याहून मोठे असतील तर वाटेतच आपटतात, कारण शाळेतलं जडत्व. एसटी घाटात वळली की उभे लोक कलंडतात ना, तसंच नळीच्या वाकावर हवा वळते पण जड थेंब सरळ जातो आणि भिंतीला चिकटतो. हे किती होणार ते स्टोक्स नंबर सांगतो. तो थेंबाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे 3 चा थेंब 6 मायक्रॉनचा झाला की चौपट. हवेच्या वेगाप्रमाणेही वाढतो आणि नळीच्या व्यासाने भागला जातो, आता वेग स्वतः व्यासाच्या वर्गाने भागलेला असतो, तर एकूण भागाकार व्यासाच्या घनाने! तेवढीच हवा 6 ऐवजी 3 मिलिमीटरच्या नळीतून ओढली तर आकडा थेट आठपट. लहान मूल हवाही कमी ओढतं म्हणून प्रत्यक्षात फरक एवढा होत नाही, पण नळी अरुंद तर औषध कमी, हा कल तोच राहतो. आत कफ साचला असेल तर वाट आणखी अरुंद, म्हणून आधी सक्शन, म्हणजे कफ ओढून काढायचा.

"रडू दे, रडताना औषध खोल जातं" असं सांगणारे घरोघरी असतात. रडताना हवा झटक्यात ओढली जाते, वेग वाढतो आणि वरचं गणित बिघडतं. झोपलेलं किंवा शांत मूल बरं. पंपाची (इनहेलरची) सवय लागते ही आणखी एक अफवा, तिच्यापायी चालू औषध बंद करू नका. आणि कापूर-निलगिरीची गरम वाफ नळीपाशी अजिबात नको, चटका बसतो आणि श्वासनळ्या चिडतात.

पंप स्पेसर लावून द्यायचा, म्हणजे पंप आणि नळीच्या मधे औषध धरून ठेवणारी पोकळ डबी. 10 किलोचं मूल एका श्वासात 60-70 मिलिलिटर हवा घेतं आणि स्पेसर दीडेकशे मिलिलिटरचा असतो, त्यामुळे एका श्वासात तो रिकामा होत नाही, पाच-सहा श्वास होऊ द्यावेत. एका वेळी एकच पफ, त्याआधी पंप हलवायचा. नळीवर कृत्रिम नाक म्हणजे तो छोटा फिल्टर असेल तर आधी काढा, नाहीतर औषध त्यातच अडकतं. बोलायचा व्हॉल्व्हही काढून ठेवा.

स्पेसर प्लास्टिकचा असेल तर त्यावर स्थिर वीज साठते आणि बारीक थेंब भिंतीकडे खेचले जातात. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा, फडक्याने पुसला की घासून परत वीज तयार होते.