लोनवर गेलेला पोरगा अन् विकलेला पोरगा

आमच्या दारव्ह्याकडं लोन म्हटलं की पीककर्जच डोळ्यासमोर येतं. परवा टपरीवर बातमी वाचून दाखवत होतो, एका मोठ्या फुटबॉल क्लबनं आपला एकोणीस वर्षांचा पोरगा खालच्या डिव्हिजनच्या टीमला लोनवर दिला, तर बाजूचे काका म्हणतात, "काऊन बे, एवढ्याशा वयात कर्ज काढलं त्यानं? हप्ता किती हाये?" हसलो आम्ही, पण मॅच बघणारी आमची पोरं तरी कुठं वेगळी, टीम बदलली की त्यांच्या लेखी पोरगा विकला गेला, संपला विषय.

मग काकांना वावरावरूनच सांगितलं. ट्रान्सफर म्हणजे खरेदीखत, पैसे मोजले अन् सातबारा दुसऱ्याच्या नावावर, पुढं त्यात काय पिकतं ते त्याचं नशीब. लोन म्हणजे वावर हंगामापुरतं ठेक्यानं देणं, पेरणारा दुसरा पण सातबारा तुमचाच, हंगाम संपला की वावर परत. पोरगा घरच्या बाकावर बसून पडीक राहण्यापेक्षा खालच्या टीमकडून दर शनिवारी खेळलेला बरा, एवढंच गणित. फक्त पगाराच्या बाबतीत माझं उदाहरण लंगडं पडतं, कारण लहान क्लबला झेपत नाही म्हणून बरेचदा मोठा क्लबच पगाराचा वाटा उचलतो, अन् वावर ठेक्यानं देऊन वरून बियाण्याचे पैसेबी देणारा मालक मी तरी पाहिला नाही.

सगळ्यात झ्याक उदाहरण २०१३ चं. इंग्लंडचा लेस्टर क्लब तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, अन् बाकावर पुढं गोल मारण्यात नाव काढलेले हॅरी केन आणि जेमी वार्डी शेजारी शेजारी बसलेले! वार्डी विकत घेतलेला, २०१२ मध्ये पाचव्या पातळीवरच्या फ्लीटवूडकडून, १० लाख पौंडात. केन लंडनच्या टॉटनहॅम क्लबचा, नुसता लोनवर आलेला, त्याआधी लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच असं फिरून आलेला, ओरिएंटला गेला तेव्हा १७ वर्षांचा होता. बघणाऱ्याला दोघं सारखेच, एकच जर्सी. पण हंगाम संपल्यावर केन आपल्या घरी परत गेला अन् टॉटनहॅमसाठी त्याचे एकूण २८० गोल झाले, आणि वार्डी लेस्टरचाच राहिला म्हणून २०१६ ची प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, लेस्टरच्या पदरात पडली. लेस्टरनं केनला खेळवलं, पण कमाई टॉटनहॅमची.

आणखी एक, प्रीमियर लीगमध्ये लोनवरचा पोरगा मूळ क्लबाविरुद्ध खेळू शकत नाही, विकलेला मात्र पहिल्याच मॅचला जुन्या मालकावर गोल ठोकू शकतो. मध्येच परत बोलवायचं असेल तर तसं करारात आधीच लिहिलेलं लागतं. अन् पूर्वी काही क्लब वीस-वीस, तीस-तीस पोरं लोनवर वाटून ठेवायचे, त्याला फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनसाठी लगाम घातला, लोन जास्तीत जास्त एक वर्षाचं अन् लोनवरच्या पोराला तिसरीकडं लोनवर देणं बंद.

इथवर काकांना पटलं. मग मी फ्रान्सच्या एम्बाप्पेचं काढलं, २०१७ मध्ये मोनाको क्लबकडून पॅरिसच्या क्लबला गेला तो कागदावर लोनवर, अन् पुढच्या वर्षी सुमारे १८ कोटी युरोत कायमचा त्यांचा. काका चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणे, "मंग त्याले लोन कायले म्हणता बे, इसार दिला म्हना ना."

तेबी बरोबरच होतं.