जुनी लक्झरी गाडी स्वस्तात मिळतेय? टोकन देण्याआधी हे वाचा

(आमच्या गॅरेजकडून, सेकंड हँड गाडीची तपासणी करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

नवी असताना पन्नास लाखांच्या घरात असलेली जर्मन सेडान दहा-बारा वर्षांनी आठ-नऊ लाखांत मिळते. मीटरवर लाख-सव्वा लाख किलोमीटर, बाहेरून चकचकीत, आत लेदरच्या सीट. एवढ्यात तर नवी हॅचबॅक येते, मग हीच का घेऊ नये, असं बरेच जण आम्हाला विचारतात. गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय पक्कं उत्तर देता येत नाही. पण गाडी बघायला जाण्याआधी तुम्ही स्वतःशी काय ठरवायचं आणि आम्ही काय काय तपासतो, ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

गाडीचा भाव उतरतो, पार्टचा उतरत नाही

गाडी आठ लाखांची झाली तरी तिचा टर्बो, इंजेक्टर, हेडलाइट, एअर सस्पेन्शन (हवेच्या रबरी पिशव्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) हे सगळं पन्नास लाखांच्या गाडीचंच राहतं. पार्टवाला तुम्ही गाडी कितीला घेतली ते विचारत नाही.

विम्यातही हाच अनुभव येतो. जुन्या गाडीला झिरो डेप कव्हर, म्हणजे पार्टच्या किमतीत घसारा न कापणारा विमा, सहसा मिळत नाही. साध्या पॉलिसीत पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ४० टक्के आणि दहा वर्षांपुढे ५० टक्के घसारा कापतात. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या पार्टवर गाडीचं वय काहीही असो, ५० टक्के. या गाड्यांचं पुढचं तोंड बहुतेक प्लास्टिकचंच असतं, त्यामुळे चौकात हलकी धडक बसली तरी बिलाचा मोठा हिस्सा तुमच्या खिशातून जातो.

म्हणून आमचा सरळ हिशेब असा: गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा पहिल्या वर्षासाठी वेगळा काढून ठेवा. आठ लाखांची गाडी असेल तर अडीच-पावणेतीन लाख बँकेत असलेच पाहिजेत. ते खर्च होतीलच असं नाही, पण नसतील तर गाडी घेऊ नका. कर्ज काढून घेणार असाल तर आम्ही तोंडावर नको म्हणतो, कारण हप्ता सुरू आणि गाडी गॅरेजमध्ये, ही वेळ आलेली कुटुंबं आम्ही पाहिली आहेत. शिवाय घरात रोजच्या कामाला दुसरं वाहन हवं. यातले बरेच पार्ट नागपुरात शेल्फवर नसतात, मुंबईहून किंवा दिल्लीच्या काश्मीरी गेटच्या बाजारातून मागवावे लागतात. तोवर मुलांची शाळा आणि तुमचं ऑफिस थांबत नाही.

जास्त चाललेली गाडी वाईटच असते का?

नाही. इथे ग्राहकांची सगळ्यात जास्त फसगत होते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. महिन्यातून दोनदा तिकडे जाऊन येणाऱ्या माणसाच्या गाडीवर वर्षाला तीस हजारांहून जास्त किलोमीटर सहज चढतात, पण ते एका लयीत, गरम इंजिनावर चाललेले असतात. उलट धरमपेठेतून सीताबर्डीला जाऊन परत येणारी गाडी कमी चालते आणि जास्त खराब होते. इंजिन पुरतं तापत नाही, गिअर सारखे बदलतात, आणि डिझेल गाडी असेल तर सायलेन्सरच्या लाइनमधला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्याच काजळीने चोंदतो. ती काजळी जळायला मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी लागते, आणि शहरात ते होत नाही.

तेव्हा दीड लाख किलोमीटर चाललेली पण प्रत्येक सर्व्हिसचं बिल असलेली गाडी एका बाजूला, आणि साठ हजार दाखवणारी पण कागद नसलेली दुसऱ्या बाजूला, असं असेल तर आम्ही पहिली घ्या म्हणू. दुसरीचं मीटर खरं आहे हे कोण सांगणार? मीटर मागे करणारे बरेचदा फक्त समोरचा आकडा बदलतात. बऱ्याच गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद इतर मॉड्यूलमध्येही (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये) राहते, काहींमध्ये तर चावीतसुद्धा. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र, लावून आम्ही हे आकडे एकमेकांशी ताडून बघतो. तुम्ही स्वतः ब्रेक पेडलचं रबर, स्टीअरिंगचा वरचा भाग आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. साठ हजारांत या तिन्ही जागा गुळगुळीत होत नाहीत. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चार टायर चार तारखांचे निघाले तर आधीचा मालक हात आखडून गाडी सांभाळत होता असं धरून चाला.

गिअरबॉक्सबद्दल एक गोष्ट विक्रेते हमखास सांगतात: ‘याचं ऑइल कधी बदलावं लागत नाही.’ अनेक बीएमडब्ल्यू आणि काही ऑडी गाड्यांत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स असतो. खुद्द ती कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला म्हणते. या बॉक्सची खालची ऑइल पॅन प्लास्टिकची असते आणि फिल्टर तिच्यातच असतो, म्हणून पॅन पूर्ण बदलावी लागते. हे काम झाल्याचं बिल फाइलमध्ये दिसलं तर आमच्या नजरेत त्या मालकाची किंमत वाढते.

आपल्याकडचा उन्हाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, आणि या गाड्यांची कूलिंग सिस्टीम प्लास्टिकने भरलेली असते: थर्मोस्टॅटचं हाउसिंग, एक्स्पान्शन टँक, पाइपांचे जोड, काही वॉटर पंपांच्या आतला पंखासुद्धा. दहा उन्हाळे काढलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ होतं. बोनेट उघडून टँकच्या शिवणीवर आणि पंपाच्या खाली पांढरट किंवा गुलाबीसर सुकलेला थर दिसतो का बघा. तिथून कूलंट झिरपून वाळलेलं असतं. इंजिन थंड असताना टँकचं झाकण उघडा. आत रंगीत कूलंटऐवजी मातकट पाणी दिसलं तर कुणीतरी उन्हाळाभर नळाचं पाणी ओतून वेळ मारून नेली आहे. काही मॉडेलना डॅशबोर्डवर तापमानाचा काटाच नसतो, लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही एसी लावून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवतो आणि खरं तापमान स्कॅनरवर वाचतो. ही चाचणी दुपारीच करायची.

एअर सस्पेन्शन असेल तर आमच्या तपासणीत सगळ्यात जास्त वेळ त्यालाच जातो. संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. सकाळी इंजिन सुरू न करता, दारही न उघडता पुन्हा मोजायचं. एखादा कोपरा दोन बोटं खाली बसला असेल तर बहुधा त्या बाजूच्या हवेच्या रबरी पिशवीला घडीच्या जागी भेग आहे. नुसती पिशवी बदलून भागतं असं नाही. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोही जळतो. विक्रेता सकाळी तुम्ही यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवत असेल तर कारण विचारा, आणि उद्या पुन्हा येतो म्हणा.

पाण्यात बुडालेली गाडी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकतात. चेन्नई, मुंबईकडूनही येऊ शकतात. लक्झरी गाडीत धोका जास्त, कारण काही मॉडेलमध्ये कंट्रोल मॉड्यूल आणि वायरिंगचे जोड कार्पेटखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात. गंज चढायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि मग रोज नवा एरर येतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ बघा, स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात हात घाला, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का ते टॉर्च मारून बघा. पाण्याची खूण पटली की आम्ही पुढची तपासणी थांबवतो. अशी गाडी कितीही कमी भावात मिळाली तरी घेऊ नका.

कागद

दिल्लीची डिझेल गाडी इथल्यापेक्षा स्वस्त का, हे समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे नियमांत फेरफार झाले, पण तिकडच्या गाड्या बाहेर विकण्याचा ओघ तेव्हापासूनचा. तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एमएच-३१ किंवा एमएच-४९ चा नंबर घेताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो, आणि तो तुम्ही मोजलेल्या आठ लाखांवर नव्हे, गाडीची मूळ किंमत आणि वय धरून निघतो. हा आकडा एजंटकडून आधीच लिहून घ्या, कारण स्वस्ताई बऱ्याचदा इथेच संपते.

बाकी गोष्टी नेहमीच्याच: हायपोथिकेशन (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरलंय का, ट्रॅफिकच्या दंडाचं चलन बाकी आहे का, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. गाडी नावावर झाल्यावर चौदा दिवसांत विमाही नावावर करण्यासाठी अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही.

आम्ही ‘घ्या’ कधी म्हणतो

एक-दोन मालक, सलग बिलं, बुडाल्याची खूण नाही, स्कॅनरवर मीटर जुळलंय, आणि तुमच्याकडे तो तिसरा हिस्सा शिल्लक आहे, तर गाडी मनापासून घ्या. अशा गाडीच्या दाराचा आवाज, शंभरच्या वेगातली शांतता आणि ब्रेकवरचा विश्वास नव्या हॅचबॅकमध्ये मिळत नाही. ती आवड खरी असेल तर तिच्यावर खर्च करण्यात काही चूक नाही. फक्त लोकांना दिसावं म्हणून घेत असाल तर पहिल्या मोठ्या बिलालाच मन उतरेल आणि गाडी अंगणात धूळ खात पडेल.

तपासणीसाठी थंड इंजिन लागतं, म्हणून गाडी जिथे उभी असेल तिथे आम्ही सकाळी येतो आणि मग रॅम्पसाठी ती गॅरेजला आणतो. विक्रेत्याला आदल्या रात्रीपासून गाडी हलवू नका असं सांगून ठेवा. आरसी, विम्याची प्रत, सर्व्हिसची बिलं आणि दोन्ही चाव्या मागून घ्या. तपासणीचा कागद तुमच्याच हातात मिळतो, विक्रेत्याला दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्याकडे जुन्या गाड्यांची विक्री होत नाही आणि कुठल्याही एजंटकडून आम्ही कमिशन घेत नाही.